झुबेदाच्या वाटेवर सात दिवस

पहिला दिवस : रियाध ते हाईल

निवृत्तीनंतर उमरा, म्हणजे हजच्या दिवसांखेरीज करायची मक्केची यात्रा, करायचा हे आमचं ठरलेलंच होतं. फरक इतकाच पडला की लोक जिद्दाला उतरून थेट मक्का गाठतात आणि मी मात्र आधी वाळवंट बघायचं म्हणून हट्ट धरून बसले. आमचे हे म्हणाले, "बत्तीस वर्षं पाण्याच्या टाक्याच बघितल्या ना तू? आता अल्लाहच्या घरी जातानाही टाक्याच?" मी म्हटलं, हो, टाक्याच. आणि त्या एका बाईच्या.

थोडं माझ्याबद्दल. मी मराठवाड्यातली, ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कामावर कनिष्ठ अभियंता म्हणून लागले आणि उपअभियंता होऊन घरी आले. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा मी त्या गर्दीत उभी होते. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून साधारण पाच लाख लिटर पाणी आलं. लोक इंजिनाला हार घालत होते, आणि माझ्या डोक्यात लहानपणी दादीनं सांगितलेली गोष्ट फिरत होती : मक्केत एका पखालीला एक दिनार, म्हणजे सोन्याचं एक नाणं पडायचं, आणि हे कळल्यावर बगदादची राणी झुबेदा म्हणाली, पाणी आणा, कुदळीच्या प्रत्येक घावाला एक दिनार पडला तरी चालेल. दादीला ही गोष्ट तिच्या दादीनं सांगितली असणार. ती इब्न खल्लिकान नावाच्या तेराव्या शतकातल्या चरित्रकारानं लिहून ठेवलेली आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

रियाधहून हाईलला आता रेल्वे जाते. माझा भाचा तिकडेच नोकरीला आहे, त्याच्याकडे चारचाकी आहे आणि सुदैवानं सुट्टीही होती. डब्यातून बाहेर बघताना एकच गोष्ट डोळ्यांत भरते : नदी नाही. नकाशावर नाही म्हणून वाचलेलं असतं, पण तासन्‌तास वाहत्या नदीवरचा एकही पूल लागत नाही हे अंगावर येतं. रात्री हाईलला उतरलो तर जानेवारीची थंडी अशी की यांनी विमानातली शाल परत काढली.

दुसरा दिवस : फैद

हाईलपासून आग्नेयेला शंभरेक किलोमीटरवर फैद. इराकातल्या कूफ्याहून मक्केला जाणारी जुनी हज-वाट इथून जायची. तिलाच दर्ब झुबेदा म्हणतात, म्हणजे झुबेदाची वाट. एकूण लांबी चौदाशे किलोमीटरच्या आसपास, तिच्यावर 27 मोठे मुक्काम आणि त्यांच्या मधे 27 लहान. मी गाडीतच भागाकार केला : सरासरी पंचवीस-सव्वीस किलोमीटरला एक थांबा. लादलेला उंट अर्ध्या दिवसात जितकं चालेल तितकं. म्हणजे कुणीतरी नुसता नकाशा नव्हे, उंटाची चाल मोजून आखणी केलेली आहे.

फैद या वाटेच्या अर्ध्यावर. इथे काळ्या दगडात बांधलेल्या किल्ल्याच्या भिंती आहेत, विहिरी आहेत, घरांचे पाये आहेत. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथून गेला तेव्हा यात्रेकरू परतीसाठी लागणारा शिधा या गावात ठेवून पुढे जायचे. आपल्याकडे वारीला निघालेला माणूस ओळखीच्या घरी गाठोडं ठेवतो, तसंच. मला ही व्यवस्था फार आवडली. चौदाशे किलोमीटरच्या वाळवंटात लोक एका गावावर विश्वास टाकून पोटाचा निम्मा ऐवज मागे ठेवत होते.

आता झुबेदाबद्दल. ती बगदाद वसवणाऱ्या खलिफा मन्सूरची नात आणि हारून अल रशीदची बायको. हारून तिचा सख्खा चुलतभाऊ. झुबेदा हे लाडाचं नाव, आजोबांनी ठेवलेलं. अर्थ लोण्याचा गोळा. गोरी, गुबगुबीत पोर असणार. दरबारात तिला उम्मे जाफर म्हणायचे. तिच्याबद्दल जे लिहिलेलं सापडतं त्यात डामडौल पुरेपूर आहे : रत्नं जडवलेले जोडे, सोन्याचांदीची भांडी. त्याच दमात हेही लिहिलेलं असतं की तिच्या महालात शंभर दासी कुराण म्हणायच्या आणि बाहेरून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुंजारव ऐकू यायचा. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या. दानशूर बाई म्हटलं की आपण लगेच तिच्या अंगावर पांढरं लुगडं नेसवतो. हिला ते बसत नाही.

किल्ल्याच्या भिंतीलगत फिरताना भाचा म्हणाला, "खाला, हे सगळं तिनं एकटीनं बांधलं?"

नाही ना. माझ्यातली सरकारी बाई इथे जागी झाली. वाट तिच्या जन्माच्या आधीपासूनची, इस्लामच्याही आधीची. अब्बासी घराण्याचा पहिला खलिफा सफ्फाह यानं मैलाचे दगड लावायला घेतले. तिचा सासरा महदी यानं मुक्काम बांधले, टाक्या खोदवल्या. मग हारूननं आणि तिनं. म्हणजे ही टप्पा एक, टप्पा दोन, टप्पा तीन अशी योजना आहे, आणि पाटीवर नाव तिसऱ्या टप्प्याचं. आमच्याकडे असं झालं असतं तर पहिल्या टप्प्यावाल्यांनी पेपरात निवेदन दिलं असतं.

पण तिचं नाव कुण्या पाटीनं दिलेलं नाही. 1184 साली इब्न जुबैर हा अंदलूसचा, म्हणजे मुसलमानी स्पेनचा, यात्रेकरू हज करून याच वाटेनं बगदादला गेला. झुबेदा जाऊन तेव्हा साडेतीनशे वर्षं उलटलेली. तो लिहितो, बगदाद ते मक्का या रस्त्यावरच्या टाक्या, विहिरी, मुक्काम हे सगळं जाफरच्या मुलीचं, झुबेदाचं, आणि ते नसतं तर ही वाट चालताच आली नसती. तहान लागलेल्यांनी ठरवलेलं नाव आहे हे. त्याला टप्प्यांशी घेणंदेणं नसतं.

रात्री फैदमध्येच एका माणसानं चहाला बसवलं. खजूर, वेलदोड्याची कॉफी, परत खजूर. त्याला मराठी नाही, मला अरबी नमाजापुरती. बिरका म्हणजे टाकी एवढा एक शब्द दोघांच्या ओळखीचा होता. त्यावर तास निघाला.

तिसरा दिवस : समीरा, नकिरा, रबझा

आजचा दिवस लांबचा. सकाळी अंधारात निघालो. समीरा हा जुना मुक्काम आज चांगलं गाव आहे. जुनी वाट कधी डांबरी रस्त्याच्या जवळ येते, कधी दूर जाते. जिथे जाते तिथे ती ओळखू कशी येते? दगड बाजूला सारून दोन्ही कडांना रांगेत लावलेले दिसतात. मधली पट्टी साफ. आपण शेतातले धोंडे वेचून बांधावर टाकतो ना, अगदी तसं. हजार वर्षांपूर्वीचं रस्त्याचं काम अजून डोळ्यांना दिसतं आणि आमचा पॅकेज टेंडरचा रस्ता... जाऊ दे.

नकिऱ्याला वाट फुटायची, एक मदिनेकडे आणि एक सरळ मक्केकडे. आम्ही रबझाकडे निघालो. शेवटचा पट्टा कच्चा होता, आणि त्यात आमची गाडी एकदा वाळूत रुतली. भाच्यानं चाकांची हवा कमी केली आणि बाहेर काढली. यांनी तेवढ्या वेळात दोनदा कुठल्याशा दुआ म्हणून घेतल्या.

रबझा मदिनेच्या पूर्वेला, दोनशे किलोमीटरच्या आसपास. 1979 पासून इथे रियाधच्या किंग सौद विद्यापीठानं उत्खनन केलं. आणि इथे ती टाकी आहे जिच्यासाठी मी आले होते.

गोल. साठ मीटरच्या वर व्यास. तिला लागून एक चौकोनी टाकी. मी कठड्याशी उभी राहिले आणि पहिल्यांदा मनात आलं ते हे : अगं, ही तर निवळण टाकी! पुराचं पाणी ओढ्यातून वळवायचं, आधी चौकोनी टाकीत घ्यायचं, तिथे गाळ बसू द्यायचा, आणि वरचं निवळ पाणी मधल्या वाटेनं मोठ्या टाकीत सोडायचं. आम्ही जलशुद्धीकरण केंद्राच्या नकाशात हेच काढायचो. भिंती दगडाच्या, आतून चुन्याचा गिलावा.

गोल का? यांनी विचारलं आणि मग पस्तावले. टाकी रिकामी झाली की बाहेरच्या मातीचा दाब भिंतीवर आत येतो. सरळ भिंत अशा वेळी पोट काढते. गोल भिंत हा दाब आडव्या कमानीसारखा पेलते, दगड एकमेकांवर घट्ट होतात. वाळवंटातली टाकी वर्षातला बराच काळ रिकामीच राहणार, म्हणजे धोका भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीला जास्त. ज्यानं हे आखलं त्याला ते माहीत होतं. आणि कोपरे नसले की गाळ उपसायलाही सोपं. वाटेवरच्या कितीतरी टाक्या मात्र चौकोनी आहेत. त्यांना आतून पायऱ्या ठेवलेल्या असतात, पाणी कितीही खाली गेलं तरी माणसाचा हात पोचावा म्हणून. आपल्या बारवेचाच विचार.

उत्खननात घरांच्या जमिनीखालीही पाण्याच्या टाक्या सापडल्या. म्हणजे घरोघरी साठवण. या भागात वर्षाला पाऊस जेमतेम शंभर मिलिमीटरच्या आसपास. आमच्या मराठवाड्यात सात-आठशे पडतो आणि फेब्रुवारीत टँकरचे प्रस्ताव सुरू होतात. मी अशी एक योजना हस्तांतरित केली होती. गावाचं नाव सांगत नाही. उद्भव विहीर, पंपघर, उंच टाकी, नळ, सगळं झालं, उद्घाटनाला मंडप पडला. अडीच वर्षांनी परत गेले तर टाकीखाली शेळ्या बांधलेल्या. वीजबिल भरायचं कुणी यावर भांडण लागलं होतं आणि गाळ एकदाही काढला नव्हता. बांधकामाला पैसा मिळतो हो. गाळ काढायला मिळत नाही.

रबझालाच अबू झर गिफारी यांची कबर असल्याचं मानतात. पैगंबरांचे सोबती. श्रीमंतांनी सोनंचांदी साठवून ठेवण्याविरुद्ध ते इतकं कडक बोलायचे की खलिफा उस्मान यांच्या काळात त्यांना इथे येऊन राहावं लागलं आणि 652 मध्ये इथेच ते वारले. या माणसाच्या उशापायथ्याशी दीडशे वर्षांनी सर्वांत श्रीमंत बाईच्या वाटेवरचे काफिले पाणी पीत होते. ते असते तर तिला काय म्हणाले असते याचा विचार करत मी बराच वेळ त्या कठड्यावर बसले होते. सूफींच्या पुस्तकांत एक गोष्ट येते. झुबेदा वारल्यावर ती कुणाच्या तरी स्वप्नात आली. त्यानं विचारलं, मक्केच्या वाटेवर केलेल्या खर्चाचं पुण्य मिळालं ना? ती म्हणाली, त्या खर्चाचं पुण्य पैशाच्या मूळ मालकांना गेलं, मला माझ्या हेतूवर माफी मिळाली. मूळ मालक म्हणजे ज्यांच्याकडून तो महसूल आला ते शेतकरी, कारागीर, वाटसरू. हिशेबाची इतकी स्वच्छ नोंद मी कुठल्याच ऑडिटात पाहिली नाही.

याची दुसरी एक आवृत्ती जास्त प्रसिद्ध आहे, तिच्यात तिला पहिल्या कुदळीच्या घावालाच माफी मिळते. माणसं ती सांगतात कारण ती गोड आहे. मला पहिली पटते.

चौथा आणि पाचवा दिवस : मदिना

इथले दोन दिवस नमाज, गर्दी आणि आनंद. ते माझ्यापाशीच राहू द्या.

फक्त एक नोंद. बकी कब्रस्तानात बायकांना आत जाता येत नाही, म्हणून हे आत गेले आणि मी बाहेर भिंतीपाशी उभी राहिले. आत पैगंबरांच्या दोन बायका झैनब नावाच्या आहेत. झैनब बिन्त खुझैमा यांना लोक लग्नाआधीपासूनच उम्मुल मसाकीन म्हणायचे, गोरगरिबांची आई. लग्नानंतर काही महिन्यांतच त्या गेल्या. दुसऱ्या झैनब बिन्त जहश. या कातडी कमवायच्या, शिवायच्या आणि विकून आलेला पैसा वाटून टाकायच्या. खलिफा उमर यांनी त्यांना वर्षाचे बारा हजार दिरहम पाठवले, तेही त्यांनी वाटून टाकले. पैगंबरांनी आपल्या बायकांना सांगितलं होतं, तुमच्यातल्या ज्या बाईचा हात सर्वांत लांब ती मला पहिली येऊन भेटेल. त्या बिचाऱ्या भिंतीला हात लावून मापत बसल्या. झैनब ठेंगण्या होत्या. त्या पहिल्या गेल्या तेव्हा बाकीच्यांना उलगडा झाला की हात लांब म्हणजे देणारा हात.

हातानं कमावून देणाऱ्या झैनब आणि खजिन्यातून देणारी झुबेदा यांत मोठं कोण, हे मला बाहेर उभं राहून ठरवता आलं नाही. पण चामडं कमवण्याच्या पैशातून चौदाशे किलोमीटरवर टाक्या होत नाहीत, हेही खरं.

सहावा दिवस : मक्का

मदिनेबाहेरच्या जुल हुलैफाला यांनी इहराम, म्हणजे यात्रेची न शिवलेली पांढरी वस्त्रं, बांधला आणि आम्ही मक्केला आलो. झुबेदाच्या वाटेनं येणारे इराकी यात्रेकरू इहराम बांधायचे ते झात इर्क या ठिकाणी. ती वाट 1258 मध्ये मंगोलांनी बगदाद बुडवल्यावर ओस पडत गेली. त्याआधीही करामती नावाच्या बंडखोर पंथाच्या टोळ्यांनी काफिले लुटले होते, टाक्या बुजल्या होत्या. रस्ता दगडाचा असतो पण जिवंत राहतो तो राजधानीच्या जिवावर.

उमरा रात्री दोन वाजता पूर्ण झाला. काबेजवळच्या झमझम विहिरीच्या पाण्याचे पेले एकामागून एक रिकामे केले. आज मक्केच्या नळाला येणारं पाणी शुऐबाच्या कारखान्यात तांबड्या समुद्राचं मीठ काढून बनतं आणि डोंगर चढून वर येतं. झुबेदाच्या काळात मक्केच्या वाटीसारख्या खोऱ्यात झमझम होता, काही विहिरी होत्या आणि हजच्या दिवसांत आलेली लाखाची गर्दी.

सातवा दिवस : अराफात

अराफात म्हणजे मक्केबाहेरचं मैदान, हजला यात्रेकरू जिथे एक दिवस थांबतात. टॅक्सीवाला म्हणाला, हज नाही तर अराफातला काय आहे? मी म्हटलं, कालवा आहे.

अराफातच्या मैदानात उतरल्यावर पहिला धक्का कालव्याचा नव्हता. कडुलिंब! हजारो कडुलिंब, रांगेत लावलेले, सावली धरून. मी एक डहाळी मोडून तोंडात घातली. तोच कडूपणा. गुढीपाडव्याला शेजारच्या काकू मला वाटीभर पानं द्यायच्या, तो वास आला.

आणि मग जबल रहमत या टेकडीच्या पायथ्याला कालवा दिसला. डोंगराच्या कडेकडेनं दगडी भिंत, तिच्या माथ्यावरून पाण्याची नाली. ऐन झुबेदा. ताईफच्या बाजूच्या उंच डोंगरांखाली नुमान नावाची दरी आहे, तिथला उद्भव. तिथून अराफात, मग मुझदलिफा, आणि पुढे मिनाच्या मागे; ही दोन्ही हजमधली मुक्कामाची ठिकाणं. कुठे जमिनीखाली, कुठे जमिनीवर, सगळं नुसत्या उतारावर. पंप नाही, मोट नाही. डोंगराचं वळण आलं की कालवाही वळतो, कारण लेव्हल सोडायची नाही. ठरावीक अंतरावर वरून झाकलेली भोकं, आत माणूस उतरून गाळ काढेल अशी. आम्ही त्याला चेंबर म्हणतो. औरंगाबादला मलिक अंबरच्या नहरीवर उभे असलेले बंबे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे सांगायला नको. योगायोग असा की मलिक अंबर हाही गुलाम म्हणून ज्यांच्याकडे वाढला ते मालक बगदादी होते.

झुबेदानं दोन कामं केली. एक नुमानचं, अराफातसाठी. दुसरं हुनैनचं, मक्का शहरासाठी. नवव्या शतकातला मक्केचाच इतिहासकार अझरकी हुनैनबद्दल जे लिहितो ते माझ्या कामाचं आहे. तिथे एक बाग होती आणि झऱ्याचं पाणी त्या बागेला जायचं. झुबेदानं ती बाग विकत घेतली, झरा शहराकडे वळवला आणि बागेच्या जागी पुराचं पाणी अडवणारा बंधारा बांधला. खलिफाची बायको होती, शिपाई पाठवून पाणी तोडता आलं असतं. तिनं भूसंपादनाचे पैसे मोजले. पाण्यावर आधीपासून कुणाचा तरी हक्क असतो, हे बत्तीस वर्षांच्या नोकरीत मला सर्वांत उशिरा शिकायला मिळालं.

सगळ्या कामाला सतरा लाख दिनार लागले असं जुने लोक लिहितात. काम संपल्यावर कारकून हिशेबाच्या वह्या घेऊन तिच्या महालात आले तेव्हा ती तैग्रिस नदीच्या काठी बसली होती. तिनं वह्या नदीत फेकल्या आणि म्हणाली, हा हिशेब हिशेबाच्या दिवसासाठी ठेवला, आता ज्याच्याकडे काही शिल्लक असेल ते त्याचं आणि ज्याचं काही निघत असेल त्याला आम्ही देऊ. यांना ही गोष्ट फार आवडते. मला मात्र घाम फुटतो. मोजमाप पुस्तक नदीत! कोण होते ते ठेकेदार, त्यांनी किती खाल्लं?

अराफातचं पाणी तिच्या हयातीत मक्केपर्यंत गेलंच नाही. मिनाच्या मागे कठीण खडक आडवा आला आणि तिथेच काम थांबलं. त्या ठिकाणाला बीर झुबेदा म्हणतात. ते अंतर पूर्ण केलं साडेसातशे वर्षांनी दुसऱ्या एका बाईनं : तुर्कस्तानच्या सुलतान सुलेमानची मुलगी मिहरिमाह. आधी वाटलं होतं की जुना कालवा साफ करून जोडून टाकू. मग तो खडक उघडा पडला. रात्रभर त्याच्यावर लाकडं जाळायची, दगड ठिसूळ झाला की सकाळी फोडायचा, परत जाळायचं. मक्केच्या आसपासचं सरपण संपलं. कामावरचे मुख्य अधिकारी एकामागून एक वारले. खर्च अंदाजपत्रकाच्या कितीतरी पट झाला. दहाएक वर्षांनी पाणी मक्केत आलं. ही हकिकत लिहून ठेवणारे कुतबुद्दीन नहरवाली मक्केतले विद्वान, पण आडनाव बघा : घराणं गुजरातच्या नहरवाला, म्हणजे पाटणचं.

मधल्या काळातही कालवा पुष्कळदा बंद पडला आणि पुष्कळदा कुणी ना कुणी तो उघडला. चौदाव्या शतकात इराणच्या मंगोल दरबारातल्या अमीर चोबाननं हुनैनच्या कालव्याची दुरुस्ती केली. ज्यांनी बगदाद बुडवलं त्यांच्याच वंशाचा चाकर, बगदादच्या बाईचा कालवा साफ करत होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुरुस्तीसाठी हिंदुस्थानी मुसलमानांची वर्गणीही गेली. त्या काळी आपल्याकडचे हाजी मुंबईहून बोटीनं निघायचे. कोकणातल्या, खानदेशातल्या, आमच्या मराठवाड्यातल्या कुणाचा त्यात एखादा आणा असेलच, असं मी भिंतीवर हात ठेवून धरून चालले. नाली कोरडी होती. दगड उन्हानं तापला होता.

सावलीत बसल्यावर भाच्याला शेवटची गोष्ट सांगितली. झुबेदाचा एकुलता मुलगा अमीन खलिफा झाला, आणि सावत्र भाऊ मामूनशी झालेल्या लढाईत 813 मध्ये मारला गेला. जिंकलेल्या सावत्र मुलाच्या राज्यात ती पुढे अठरा वर्षं जगली. 825 मध्ये मामूनचं बुरानशी लग्न झालं, थाटाचं, आजही दाखले देतात असं. झुबेदाही त्या लग्नात होती. मामूननं नव्या नवरीला विचारलं, तुला काय हवं ते माग. इतिहासकार तबरी लिहितो, तिनं दोन गोष्टी मागितल्या. एक म्हणजे मामूनच्या एका बंडखोर चुलत्याला माफी. दुसरी, उम्मे जाफरला हजला जाण्याची परवानगी.

भाचा म्हणाला, "म्हणजे तिला परवानगी लागायची? तिच्याच रस्त्यावरून जायला?"

"मिळाली," मी म्हटलं.

ती 831 मध्ये बगदादला वारली. तिकडे जी तिची कबर म्हणून दाखवतात, ती खरी तिच्यानंतर चारशे वर्षांनी होऊन गेलेल्या झुमुर्रुद खातूनची आहे. म्हणजे तिच्या नावावर दुसऱ्यांचा रस्ता आणि दुसऱ्याचीच कबर. पाणी मात्र तिचं.

निघताना रस्त्याच्या कडेला थंड पाण्याचा कूलर दिसला. इथे असे जागोजागी असतात, कुणीतरी आपल्या गेलेल्या माणसाच्या नावानं ठेवलेले. भाच्यानं वरचं अरबी वाचलं : वाटसरूंसाठी मोफत, देणाऱ्याच्या आईसाठी दुआ करा. आईचं नाव नव्हतं. आम्ही बाटल्या भरल्या. चार तोट्यांपैकी एक ठिबकत होती, खाली डबकं झालं होतं. मी पिळून पाहिली, बंद होईना.

"वायसर गेलाय," मी म्हटलं.

"खाला, चला आता," भाचा म्हणाला. हे टॅक्सीत जाऊन बसलेसुद्धा. मी पर्समध्ये रबराचा तुकडा मिळतो का बघत होते.